बदनापूर, दावलवाडी, खरपुडी : एका रस्त्यावरचे संशोधन

(१) छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला निघाले की आधी बदनापूर लागते, मग दावलवाडी आणि पुढे जालना. बदनापूर ते जालना अंतर वीसेक किलोमीटर. एसटीच्या खिडकीतून कापूस, तूर, मोसंबीच्या बागा आणि बियाणे कंपन्यांच्या पाट्या दिसतात. प्रवाशाने मान वळवून पाहावे असे त्यापलीकडे फारसे काही नाही. तरीही वाणांची पैदास, विषाणूचा शोध, जनुकांचे रोपण, संगणकाचे गणित आणि संदेशवहन अशा आधुनिक संशोधनाच्या नाना शाखा गेल्या साठ वर्षांत या रस्त्यावर येऊन मिळाल्या. त्या कशा मिळाल्या, त्यांनी काय दिले आणि काय अपुरे राहिले, याचा हा धागा.

(२) जुन्या लोकांच्या तोंडी ‘जालना, सोन्याचा पाळणा’ अशी म्हण आहे. ती पेठेच्या वैभवाची, शेताच्या नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावरची. अशा ठिकाणी संशोधनाची कसोटी निराळी असते. प्रयोगशाळेत फसलेला प्रयोग पुढच्या आठवड्यात पुन्हा मांडता येतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा खरीप फसला, तर दुसरा प्रयोग वर्षाने, आणि तोही बहुधा उसनवारीवर. पुढचे सारे वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे.

(३) आरंभ तुरीपासून करू. या पिकाला एक विलक्षण रोग होतो. झाड मरत नाही. उलट झुडपासारखे दाट वाढते. पाने लहान, फिकट, चट्ट्याचट्ट्यांची होतात आणि फुलोरा येतच नाही. मराठीत त्याला वांझ रोग म्हणतात. शास्त्रीय वाङ्मयात त्याची पहिली नोंद १९३१ साली बिहारमधील पुसा येथून झाली. तुरीचा दुसरा वैरी मर रोग. त्यात उभे झाड ऐन भरात सुकून जाते. मर रोगाची बुरशी एडविन बटलर या शास्त्रज्ञाने पुसा येथेच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ओळखली होती. मर रोगाचा गुन्हेगार असा लवकर सापडला. वांझ रोगाचा मात्र सापडता सापडेना.

(४) १९६० च्या दशकात एवढे कळले, की हा रोग एक अतिसूक्ष्म कोळी पसरवतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि वाऱ्याबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. परंतु तो आपल्याबरोबर नेमके काय नेतो, हे कोडे कायम राहिले. मग ज्याचे कारणच ठाऊक नाही, त्या रोगाला दाद न देणारे वाण निवडायचे कसे? रोग कधी येईल याची वाट पाहत बसले, तर वर्षानुवर्षे जातील. एखाद्या वर्षी झाड निरोगी राहिले, तर ते चिवट म्हणून राहिले की कोळी तिथवर पोहोचलाच नाही म्हणून, हेही सांगता येणार नाही.

(५) १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तेथील नेने आणि रेड्डी या रोगशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. रोगट झाडाचे पान घ्यायचे, ते कोवळ्या रोपाच्या पानावर दुमडून बसवायचे आणि कचेरीत कागद टाचतात त्या स्टेपलरने टाचायचे. रोगट पान वाळू लागले, की त्यावरचे कोळी जीव वाचवण्यासाठी खालच्या ताज्या पानावर उतरतात. प्रत्येक रोपाला रोगाचा हमखास संसर्ग झाला, की मग जे रोप निरोगी राहील ते खरोखरच चिवट. पुढे तुरीच्या संशोधनात ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. एवढ्या मोठ्या कोड्याला पहिली चिरफळी पाडली ती कचेरीतल्या स्टेपलरने.

(६) आता बदनापूरला येऊ. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे बदनापूर येथील केंद्र तुरीसाठी प्रसिद्ध आहे. बीडीएन-१ आणि बीडीएन-२ ही तेथील आरंभीची वाणे. त्यानंतर ‘बीएसएमआर’ या अक्षरांची मालिका आली. या चार अक्षरांत बदनापूरचे नाव आहे, वांझ रोगाचे नाव आहे आणि प्रतिकाराचा दावाही आहे. लाल दाण्याचे बीएसएमआर-७३६ आणि पांढऱ्या दाण्याचे बीएसएमआर-८५३, म्हणजे ‘वैशाली’, ही नावे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पाठ असतात.

(७) वाण तयार करणे म्हणजे काय, हे एकदा समजून घेऊ. चिवट झाडाचा परागकण चांगल्या उताऱ्याच्या झाडाला द्यायचा. त्यातून आलेली हजारो रोपे मुद्दाम रोगाने भरलेल्या जमिनीत पेरायची. बहुतेक मरतील किंवा वांझ राहतील. जी तग धरतील त्यांचेच बी पुढच्या वर्षी पेरायचे. असे सहा-सात पिढ्या, म्हणजे सहा-सात वर्षे. त्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या. एखाद्या संशोधकाच्या नोकरीच्या कालखंडात अशी दोन-तीन वाणे हाती लागली, तरी ते मोठे यश. या कामाला ना बातमी असते ना छायाचित्र. वर्षानुवर्षे वही भरत राहते, एवढेच.

(८) आणि २००० साली कोडे सुटले. इक्रिसॅट व स्कॉटलंडमधील संशोधकांनी मिळून वांझ रोगामागचा विषाणू वेगळा काढून दाखवला. १९३१ पासून मोजले तर जवळजवळ सत्तर वर्षे लागली. परंतु त्याआधीच बीएसएमआर-७३६ शेतांत उभे होते. उत्तर आधी आले, कारण नंतर कळले. विज्ञान नेहमी कारणाकडून उपायाकडे जाते, हा आपला शालेय समज अशा वेळी कच्चा ठरतो. रोगाचे मूळ शोधणारी प्रयोगशाळा आणि तग धरलेले झाड निवडणारे शेत ही संशोधनाची दोन स्वतंत्र अंगे आहेत. कोणते पुढे जाईल हे आधी सांगता येत नाही.

(९) पुढे प्रश्न बदलला. पाऊस लवकर उघडू लागला, तर सहा महिने शेतात उभी राहणारी तूर शेंगा भरण्याच्या वेळी तहानते. म्हणून कमी दिवसांत येणारी वाणे हवी झाली. पांढऱ्या दाण्याचे बीडीएन-७११ हे सुमारे पाच महिन्यांत येणारे वाण त्यासाठीच. जमिनीतली ओल संपण्याआधी दाणा भरला पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब. लाल दाण्याचे बीडीएन-७१६ त्याच परंपरेतले. या वाणांची आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शेतकरी त्यांचे बी घरी राखून पुढची काही वर्षे पेरू शकतो, शेजाऱ्याला शेरभर देऊ शकतो. मधमाश्यांमुळे थोडी सरमिसळ होते, म्हणून अधूनमधून शुद्ध बी आणावे लागते; पण दर वर्षी दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

(१०) बदनापूर सोडून जालन्याकडे थोडे पुढे आले की दावलवाडी. येथे संशोधनाची दुसरी तऱ्हा भेटते. तिची कथा बद्रीनारायण बारवाले यांच्यापासून सुरू होते. त्यांचा जन्म १९३१ चा, हिंगोलीचा. विद्यार्थिदशेत त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला. पुढे जालन्यात शेती करताना त्यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीचे बी वाढवून विकण्यास आरंभ केला. पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणुरोगाला तोंड देईल अशी ही भेंडी दिल्लीच्या सरकारी संस्थेने तयार केली होती. संशोधन सरकारचे, पण बी शेतकऱ्यापर्यंत नेणारा कोणी नव्हता. ती पोकळी बारवाले यांनी ओळखली. १९६४ साली त्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे ‘महिको’, जालन्यात स्थापन केली.

(११) ते वर्षही योगायोगाचे होते. १९६४ सालीच सीएसएच-१ ही देशातील पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली. ज्वारीच्या एकाच कणसात नर व मादी दोन्ही भाग असतात. मग लाखो कणसांचा संकर हाताने करणार कसा? टेक्सासमधील संशोधकांनी १९५४ साली परागकणच न धरणारी ज्वारी शोधून दाखवली होती. अशा वंध्य ओळींशेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी लावल्या, की वारा आपोआप संकर करतो. त्या संकरातून निघालेले बी पहिल्या वर्षी जोमदार येते. तेच राखून पेरले तर पुढच्या वर्षी पीक विस्कटते. म्हणून बियाणे दर वर्षी विकत घ्यायचे. मराठवाड्याच्या घरात बियाण्याची कणगी जाऊन पाकीट आले ते येथून. ‘हायब्रीड’ हा शब्दही मराठीत असा मुरला, की आजी नाजूक नातवंडांना त्याच नावाने टोमणा मारू लागली.

(१२) कापसात वाऱ्याचा उपयोग नव्हता. १९७० साली सुरत येथे सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. तो हाताने केलेला संकर. संध्याकाळी कळीतले पुंकेसर नखाने खुडायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे फूल त्यावर फिरवायचे. एकेका फुलाला असे दोनदा हात लावायचे. हे काम मुख्यत्वे बायकांच्या आणि मजूर कुटुंबांच्या बोटांवर चालले. भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचे प्लॉट जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात आजही दिसतात. पाकिटावर कंपनीचे नाव असते, संशोधकाचे नाव अहवालात असते. त्या बोटांची नोंद मात्र कुठे सापडत नाही.

(१३) संकराने उत्पादन वाढवले, पण एक धडाही दिला. १९६५ पासून आलेल्या एचबी मालिकेतील संकरित बाजऱ्यांची मादी बाजू एकच होती, अमेरिकेतून आलेली ‘टिफ्ट २३ए’. १९७० च्या दशकाच्या आरंभी केवडा रोगाने, ज्याला आपल्याकडे गोसावी असेही म्हणतात, नेमका हाच दुबळा दुवा पकडला आणि बाजरीचे पीक झपाट्याने बुडवले. लाखो एकरांवर एकच आई असलेली रोपे उभी असली, तर रोगाला एकच कुलूप फोडावे लागते. हा धडा तेव्हा लिहिला गेला. पुढे कापसात तो किती पाळला गेला, ते आता पाहू.

(१४) १९०१ साली जपानमध्ये मेलेल्या रेशीमकिड्यांत एक जीवाणू आढळला. त्याचे पुढचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, आद्याक्षरांनी बीटी. तो एक स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यात ते विरघळते, आतड्याला भोके पाडते आणि अळी मरते. माणसाच्या पोटात तसे ग्रहणबिंदू नसतात. हे प्रथिन बनवणारा जनुक मोन्सँटोने कापसात बसवला. १९९५ साली महिकोला आयातीची परवानगी मिळाली आणि १९९६ साली ‘कोकर-३१२’ या अमेरिकी वाणाचे शंभर ग्रॅम बी भारतात आले. दोन मुठींत मावेल एवढी सरकी. ते वाण येथील हवेचे नव्हते. म्हणून पिढ्यामागून पिढ्या भारतीय वाणांशी संकर करून फक्त तो जनुक येथील कापसात उतरवण्यात आला.

(१५) २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय समितीने मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन संकरित बीटी वाणांना मान्यता दिली. २००६ साली दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. पहिली काही वर्षे अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखरच घटल्या. आठवड्याला पाठीवर पंप घेणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हती. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ साली पद्मभूषण मिळाले होते. जालन्याचे नाव जगाच्या नकाशावर गेले. येथवर ही कथा यशाची आहे, आणि ते यश नाकारण्याचे कारण नाही.

(१६) पण शेतात दुसरी अळी होती. गुलाबी बोंडअळी फुलात शिरते, पाकळ्या रेशमाने बांधून टाकते, त्या न उमललेल्या फुलाला शेतकरी ‘डोमकळी’ म्हणतो. पुढे ती बोंडात शिरून सरकी खाते. आता संकरित बियाण्याचा हिशेब पाहा. जनुक एकाच पालकाकडून आलेला असेल, तर त्या झाडाच्या बोंडातल्या सरक्यांत तो वाटला जातो; एका जनुकाच्या हिशेबाने चारांतली एक सरकी विषाविना निघते. म्हणजे एकाच बोंडात अळीला विषारी व बिनविषारी असा मिसळलेला खुराक मिळतो. थोडे विष पचवून जगणाऱ्या अळ्यांची निवड आपण स्वतःच करत गेलो. बदनापुरात चिवट तूर निवडण्याचा जो नियम, तोच येथे चिवट अळी निवडू लागला.

(१७) उपाय ठाऊक होता. चारही बाजूंनी साध्या, बिगरबीटी कापसाच्या ओळी लावायच्या. त्यांवर वाढलेल्या दुबळ्या अळ्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळतात आणि चिवटपणा पातळ होतो. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बी दिले जाई. पण आपल्या हाताने अळीसाठी ओळी पेरायच्या, ही गोष्ट ज्याच्याकडे चार एकर आहेत त्याच्या गळी उतरावी कशी? ती समजावून सांगण्याचे काम पाकिटावरच्या बारीक अक्षरांवर सोडले गेले. शिवाय पाण्याची सोय असेल तिथे फरदड घेण्याची रीत, म्हणजे जानेवारीनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी वेचणी काढायची. अळीला त्यामुळे बारमाही घर मिळाले.

(१८) २०१० साली गुजरातमधील चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला जुमानत नसल्याचे कंपनीनेच मान्य केले. पुढे दोन्ही जनुके निष्प्रभ होत गेली, आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातील कपाशीवर ती तुटून पडली. आता दुसरे चित्र पाहा. २०१८ साली अमेरिकेने हीच अळी आपल्या कापूसपट्ट्यातून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तेथेही बीटीच होते. जोडीला वंध्य केलेले पतंग सोडणे, कामगंधाने नर भुलवणे आणि पीक वेळेवर काढून शेत साफ करणे, हे सारे गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकजुटीने केले. जनुक तोच, अळी तीच. फरक पडला तो त्याभोवतीच्या व्यवस्थेत.

(१९) दावलवाडीच्या प्रयोगशाळेतून आणखी एक पीक निघाले, बीटी वांगे. १४ ऑक्टोबर २००९ रोजी तांत्रिक समितीने त्याला हिरवा कंदील दिला. त्यानंतर देशात सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यांतली एक नागपूरला. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती दिली. २०१३ साली बांगलादेशाने त्याच तंत्राच्या वांग्याला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी ते तेथील शेतात गेले. कोणाचे बरोबर, यावर आजही वाद आहे. परंतु एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे : कापसाच्या वेळी न झालेली सार्वजनिक चर्चा वांग्याच्या वेळी झाली. ताटातल्या वस्तूविषयी समाजाने प्रश्न विचारणे, हाही संशोधनाच्या इतिहासाचाच भाग आहे.

(२०) आता संगणकाकडे वळू. तुरीच्या पेशीत ११ गुणसूत्रांच्या जोड्या आहेत आणि तिची जनुकीय लिपी सुमारे ८३ कोटी अक्षरांची. यंत्र ती सलग वाचत नाही. लहानलहान तुकडे वाचते. एखादी पोथी हजार प्रतींत फाडून, सर्व चिटोरे एकत्र करून मूळ पाठ जुळवावा, तसे हे काम. ते मनुष्याच्या हातचे नाही. इक्रिसॅटच्या राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील चमूने ‘आशा’ या वाणाची लिपी अशी जुळवून ४८ हजारांहून अधिक जनुकांचा आराखडा मांडला. २०१२ च्या आरंभी तो छापून आला. त्याच सुमारास भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनीही त्याच वाणाचा आराखडा सादर केला. आता चिवटपणाची खूण पानाच्या कणभर तुकड्यातून तपासण्याचा मार्ग खुला झाला. तरीही शेवटी रोप रोगट जमिनीतच उभे करून पाहावे लागते.

(२१) दुसरे मोठे गणित पावसाचे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम-८००० हा महासंगणक तयार झाला. बाहेरून असे यंत्र मिळवताना अटी पडत होत्या, म्हणून घरी बनवावे लागले. २०१८ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘प्रत्युष’ आला, २०२४ साली ‘अर्क’. हवेचे चौकोन पाडून प्रत्येकात तापमान, दाब, बाष्प यांची समीकरणे सोडवायची, असे ते काम. चौकोन जितका लहान तितका अंदाज गावाच्या जवळचा. गणिताला मोजमापही हवे. म्हणून २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. पेरणीनंतर पावसाने किती दिवस ओढ दिली, याची नोंद आता तलाठ्याच्या अदमासावर राहिली नाही.

(२२) ज्ञान असून ते पोहोचले नाही तर काय होते, हे साध्या बियाण्याच्या त्या पाकिटाने दाखवले. त्यामुळे संदेशवहनाचे संशोधनही याच कथेतले. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने वातानुकूलनाविना, धुळीत आणि उन्हात चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण टेलिफोन केंद्र बनवले; गावात पिवळ्या पाटीचा फोन आला त्यामागे हे काम होते. मुंबई दूरदर्शनवरचे ‘आमची माती, आमची माणसं’ एका पिढीची शेतीशाळा ठरले. २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झाले. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यावर २००९ पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ आला : कर्मचारी शेतात अळ्या मोजतात, आकडे संगणकावर जातात, आणि सल्ला मोबाइलवर येतो. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की हालचाल करा, हा नियम असाच घरोघर गेला.

(२३) परंतु संदेश म्हणजे संवाद नव्हे. जालना शहरालगतचे खरपुडी हे या रस्त्यावरचे तिसरे ठिकाण. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र तेथे आहे. विजयअण्णा बोराडे यांचे नाव त्याच्याशी जोडलेले. तेथे महिन्याकाठी चर्चासत्र भरवण्याची परंपरा रुजली. शास्त्रज्ञ बोलतो, मग शेतकरी विचारतो, आणि कधी कधी शास्त्रज्ञाला ‘हे आमच्याकडे का चालले नाही’ याचे उत्तर द्यावे लागते. याच मंडळाच्या पाठबळाने कडवंची गावात १९९० च्या दशकात भारत-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले, मग शेततळी आली, मग द्राक्षे. जालन्याने अनेक दुष्काळ पाहिले; कडवंचीने त्यांत तग धरला, म्हणून ते गाव पाहायला लोक येऊ लागले.

(२४) याच धर्तीवर पुढे २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्यात जालना जिल्हा आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी त्यासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत तयार केली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मातीत किती मुरला, पिकाला किती लागेल. गोष्टी जुन्याच, ज्या वाफसा पाहणारा शेतकरी हाताने माती दाबून ओळखतो. पण आता त्या नकाशावर आणि आकड्यांत आल्या, म्हणून ग्रामसभेत त्यांवर भांडता येते. आकड्याचा खरा उपयोग तोच असतो.

(२५) एक दुवा कायद्याचा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने वाण निर्माण करणाऱ्याला हक्क दिले, आणि शेतकऱ्यालाही. आपल्या शेतातले बी राखणे, पेरणे, देणे-घेणे, इतकेच नव्हे तर ब्रँडच्या नावाविना विकणे, हा त्याचा हक्क आहे. कागदावर हा हक्क तूर आणि कापूस दोन्हींना सारखा. वास्तवात बदनापूरच्या तुरीचे बी कोठीत राहते. संकरित कापसाच्या सरकीला तो हक्क असून उपयोग नाही, कारण ती पुढच्या वर्षी तशी उगवतच नाही. कोणते संशोधन कोणत्या रूपात दिले, यावर हक्काचे मोल ठरते. म्हणून ‘सरकारी की खासगी’ या जुन्या वादापेक्षा ‘शेतकऱ्याच्या हाती शेवटी काय उरते’ हा प्रश्न अधिक कामाचा.

(२६) वीस किलोमीटरच्या या इतिहासातून एक गोष्ट ठळक दिसते. संशोधनाचे उत्तर एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले, असे कधीच झाले नाही. बाजरीचे कुलूप फुटले, कापसाचे फुटले. तुरीच्या वांझ रोगाच्या विषाणूतही भेद आढळले आहेत, म्हणजे चिवट वाणाची परीक्षा चालूच आहे. पीक हाती यायच्या वेळी शेतकरी माळ्यावर बसून राखण करतो. पाखरे एकदा हाकलली म्हणून घरी जाऊन झोपत नाही. विज्ञानाचे पेरणीचे काम आपण कौतुकाने पाहतो. राखणीच्या कामाला पैसा, माणसे आणि मान कमी पडतो. २०१७ ची गुलाबी अळी ही त्या न झालेल्या राखणीची किंमत होती.

(२७) पुढच्या वेळी त्या रस्त्याने जाल तेव्हा बदनापूरपाशी तुरीच्या ओळी दिसतील. त्यांत एखादी ओळ मुद्दाम मरू दिलेली असेल. शेजारची जगते का, हे पाहण्यासाठी. धागा येथे थांबवू. आपल्या घरी तुरीचे कोणते वाण पेरत, बी घरचे होते की पाकिटातले, आणि २०१७ साली आपल्या शेतात काय झाले, हे खाली जरूर लिहा. अशा नोंदी अहवालांत मिळत नाहीत.